चार नंबरचे छर्रे

सोमवार, ३ जानेवारी १९७२

मॅट्रिकला केंद्रात पहिली आल्याबद्दल शाळेने दिलेली ही वही पाच महिने कोरीच राहिली. दिवसभर शेणकूर करणाऱ्या आणि उरलेला वेळ जुनी पाठ्यपुस्तके चाळणाऱ्या मुलीने रोज नवे काय लिहावे, हा प्रश्नच होता. आज मात्र लिहिण्याजोगे घडले. बंदुकीचा परवाना आला.

अर्ज मीच लिहिला होता. “पीक व पशुधन यांच्या संरक्षणार्थ” हे शब्द जुळवायला मला एक संपूर्ण दुपार लागली होती. अण्णांनी आज परवाना माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. “भिमाजी मारुती, वय त्रेपन्न, धंदा शेती” एवढे ऐकले की ते हाताने थांबायची खूण करत आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगत. कडूआत्या चुलीपुढून म्हणाली, “आता बास की रं दादा. नाव तुजंच हाय, वाचून बदलायचं न्हाई.”

दिवाळीपासून लांडग्याने आमची पाच जित्राबे नेली. तीन करडे आणि दोन कोकरे. शेवटचे कोकरू तर भर दुपारी गेले. अण्णा धोंडा फेकला तर पोचेल इतक्या अंतरावर बसले होते. “ऊन लई हुतं, डोळं दिपलं,” एवढेच म्हणाले. आता लहानमोठी तेवीस उरली आहेत. रंगादादा आणि वहिनी दरसाल दिवाळीनंतर कोल्हारकडे ऊसतोडीला जातात ते चैत्रातच परततात. आई जाऊन सहा वर्षे झाली. शेरडे-मेंढरे संपली तर अण्णांना आणि आत्यालाही कोयता घेऊन टोळीबरोबर जावे लागेल, आणि मग जूनमध्ये नगरच्या अध्यापक विद्यालयात माझे नाव घालण्याचा विचारसुद्धा कोणी करणार नाही.

मी हे बोलून दाखवले तेव्हा अण्णा चिडले. “जूनला तू जायचंच. मी हाय ना हितं मेंढरामागं? मग?”

हे ते अलीकडे फार वेळा म्हणतात.

शनिवार, ८ जानेवारी

हेडमास्तरांनी त्यांच्या पुण्याच्या स्नेह्यांकडून बंदुकांचे एक इंग्रजी माहितीपत्रक मागवून दिले. चार दिवस शब्दकोश मांडीवर घेऊन त्याचा अभ्यास करते आहे. विषय वाटला तितका रुक्ष नाही. काडतुसातल्या छर्ऱ्यांना नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितका छर्रा लहान, ही उलटी रीत ध्यानात यायला वेळ लागला. लहान छर्रे पुष्कळ मावतात आणि लवकर फाकतात. मोठे थोडेच मावतात, पण दूरवर जोर धरून जातात. नळीचे तोंड किंचित आकसलेले असेल तर छर्रे एकत्र राहतात. त्या आकसण्याला चोक म्हणतात. सरळ नळीतून ते चटकन पसरतात.

संध्याकाळी अण्णांना समजावून देण्यासाठी मी परातीत तीन ढीग मांडले. टपोरी बाजरी म्हणजे चार नंबर, एका काडतुसात पावणेदोनशेच्या आसपास. ज्वारी म्हणजे बी.बी., सत्तर-पंच्याहत्तर. हरभरा म्हणजे एस.जी., अवघे नऊ. लांडग्यासारख्या जनावराला चाळीस पावलांवरून मारायचे तर बी.बी. किंवा एस.जी. हवे, चार नंबर पाखरांसाठी, असे माहितीपत्रकात स्पष्ट आहे.

अण्णांनी परातीकडे पाहिलेही नाही. बोटांनी तिन्ही ढीग चाचपले आणि बाजरीची मूठ भरून घेतली.

“ही घ्यायची.”

“अण्णा, त्याने लांडगा मरायचा नाही. जखमी होऊन पळेल.”

“पळू दे. पर लागंल तर खरं! तुजं नऊ हरबरं नऊ दिशेला गेलं म्हंजी?”

मी आकृती काढून दाखवली. ते आकृतीकडे पाहत मान हलवत राहिले, कागद उलटा धरला होता तरी. माझ्या शिकवण्याचा त्यांना कंटाळा आला असावा.

बुधवार, १२ जानेवारी

आज नगरला गेलो. एस.टी.त चढताना अण्णांनी मला पुढे केले आणि “पाटी वाच” म्हणाले. ते दुसरीपर्यंत शिकलेले आहेत, पण आता वाचायचा आळस करतात.

दुकानात भिंतीभर बंदुका लावलेल्या होत्या. सगळा रस्ता मी एक वाक्य पाठ करीत आले होते: “आम्हांला चोक असलेली एकनळी बारा बोअर बंदूक आणि बी.बी.ची काडतुसे हवी आहेत.” प्रत्यक्षात ते मी माझ्या पायांच्या अंगठ्यांना सांगितले.

दुकानदार शेठ पांढऱ्या दाढीचे, थट्टेखोर. म्हणाले, “पाटील, ही बेटी माझ्याशी बोलते का काउंटरशी?”

“तिला पेपरात बोलायची सवय हाय,” अण्णा म्हणाले. “तोंडानं न्हाई.”

पण मी काय म्हणाले ते शेठना ऐकू आले होते. त्यांनी दोन बंदुका पुढे ठेवल्या. एक चोकची आणि एक जुनी, सरळ नळीची. अण्णांनी दोन्ही मांडीवर घेऊन दस्त्यावरून, चापावरून, नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीवरून बोटे फिरवली. बैल घेताना फिरवतात तशी.

“समोरच्या गच्चीवरचं कबूतर धरा बघू,” शेठ म्हणाले.

अण्णांनी बंदूक खांद्याला लावली. हात दगडासारखा स्थिर होता, मला अभिमान वाटला.

“धरलं.”

“किती आहेत?”

“दोन.”

कठड्यावर एकच कबूतर होते आणि नळी मला तरी पाण्याच्या टाकीकडे वाटली. दुसरे कबूतर नुकतेच उडून गेले असावे. शेठ काही क्षण अण्णांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग हळूच विचारले, “पाटील, रानात बरोबर कोण असतं तुमच्या?”

“बहीण असती. आन् ही असती.”

“मग चांगलंय,” शेठ म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर चांगले काही दिसले नाही.

अण्णांनी सरळ नळीची घेतली. “जास्तीत जास्त फाकंल अशी,” असे तिचे गुण त्यांनी स्वतःच सांगितले. शेठ म्हणाले, “फाकणारी लाव्यातित्तिरांना, लांडग्याला नव्हे.” अण्णा म्हणाले, “बंदूक माजी, लांडगा माजा.” काडतुसे पंचवीस, सगळी चार नंबरची मागितली. शेठनी वीस चार नंबरची दिली आणि पाच एस.जी.ची. “बेटीनं एवढा अभ्यास केलाय, तिच्या शब्दाला पाच तरी असू द्या.”

मला अण्णांचा राग आला आहे. न शिकलेल्या माणसाने ऐकले नाही तर समजू शकते. पण अण्णा माझे सगळे ऐकतात, आणि इथेच नेमके का नाही?

सोमवार, १७ जानेवारी

अण्णांनी मिरजगावच्या बाजारातून घुंगरे आणली आणि प्रत्येक जनावराच्या गळ्यात बांधली. लांडगा आवाजाला बुजतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते आवाजाने त्याला उलट पत्ताच कळेल. आत्याला विचारले तर ती म्हणाली, “वाजू दे गं. घर भरल्यागत वाटतं.”

रात्रभर घुंगरे वाजतात. झोप नीट लागत नाही, पुस्तक उघडले तर तेच पान वाचते आहे.

रविवार, २३ जानेवारी

माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे आज बंदुकीची परीक्षा घेतली. गोणपाटावर मी चुन्याने हातभर व्यासाचे वर्तुळ काढले, मधोमध ठिपका दिला आणि ओढ्याच्या बांधावर दोन काठ्यांना ताणून बांधले. तीस पावले मोजली.

“लावलीस का?”

“लावली.”

“तिथनंच हाक मार, मंग बाजूला हो.”

ही खबरदारी योग्यच आहे. मी “अण्णा!” अशी हाक मारून लांब झाले आणि कान झाकले. बार झाला तेव्हा आत्याने खंडेरायाचे नाव घेतले. तिच्या मते लांडगा हा खंडेरायाचा कुत्रा आहे आणि कळपातला थोडा वाटा त्याचा असतोच. “पाच न्हेली तेवढी बास, असं तेला बारनं सांगायचं. मारायचं कशाला?”

गोणपाटावर मी मोजली ती भोके त्रेसष्ट. बहुतेक सगळी वर्तुळाच्या डाव्या बाजूला, मी जिथे उभी राहून हाक मारली होती त्या अंगाला. ठिपक्याला एकही नाही. दुसरा बार केला, पुन्हा हाक मारून, पुन्हा तसेच. निष्कर्ष: बंदूक डावीकडे ओढते. जुन्या मालात असे दोष असतात. अण्णांना सांगितल्यावर ते हसले. “ओडती व्हय? ओडू दे.”

बुधवार, २ फेब्रुवारी

सकाळी लांडगा दिसला. आत्याने पाहिला, ज्वारीच्या ताटांच्या कडेला. “दादा, त्यो बघ, त्यो बघ!” असे ती ओरडली. अण्णांनी बार टाकला. लांडगा, आत्या म्हणते, कान हलवून सावकाश निघून गेला. जाताना दाताखाली करडू होतेच. बावीस.

अण्णा दिवसभर जेवले नाहीत. ओट्यावर बसून बंदुकीला तेल लावत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, “तुजा विद्यालयाचा कागद कदी भरायचा?”

“एप्रिलमध्ये.”

“मंग तवर घावला पायजे.”

मी आज एक गोष्ट केली. चार नंबरने करडू वाचले नाही, हे उघड आहे. अण्णा हट्टाने ऐकणार नाहीत, हेही उघड आहे. म्हणून त्यांच्या कातडी पिशवीच्या उजव्या कप्प्यातली चार नंबरची काडतुसे काढून तिथे मी पाचही एस.जी.ची ठेवली. तोंडाच्या पुठ्ठ्यावर अक्षरे ठळक छापलेली आहेत, ती त्यांना दिसतीलच. दिसली आणि त्यांनी परत काढली तर माझा हट्ट हरला असे समजेन. त्यांनी काढली नाहीत तर याचा अर्थ, मनातून त्यांनाही पटले आहे.

शनिवार, ५ फेब्रुवारी

काढलेली नाहीत. अण्णांना पिशवी दोनदा हाताळताना मी पाहिले. त्यांना पटले आहे. तरीही मला समाधान का वाटत नाही?

मंगळवार, ८ फेब्रुवारी

सगळे क्रमाने लिहिले पाहिजे.

दिवस मावळला होता, उजेड अजून होता. अण्णा आणि मी मेंढरे काटेरी कुंपणाच्या वाड्यात घालत होतो. अण्णा दारात उभे राहून घुंगरांचा अंदाज घेत होते, एकदम म्हणाले, “एक कमी हाय.” मी मोजली, खरेच एकवीस. त्याच वेळी ओढ्याकडून कोकराचा आवाज आला, कोणीतरी गळा धरल्यासारखा. अण्णांनी बंदूक घेतली, उजव्या कप्प्यातले काडतूस भरले.

“चांगुणे, बघ. हलतंय का काय?”

मी पाहिले. तीस-पस्तीस पावलांवर, बाभळीखाली काहीतरी तपकिरी, बुटके, खाली वाकलेले हलत होते.

“हो.”

“कुठं?”

“बाभळीखाली. डावीकडे.”

मी सांगितले. मी पाहिले आणि मी सांगितले. त्यांनी बार टाकला.

कडूआत्या होती. चुकलेले कोकरू काटेरी जाळीत अडकले होते, ते ती घोंगडी पांघरून, वाकून सोडवत होती. ती खाली बसली. मला वाटले, पडली. मग तिचा आवाज आला, अगदी रोजचा. “कोण हाय रं त्यो? मेली न्हाई मी अजून!”

मी धावले. अण्णा धावले नाहीत. जिथे होते तिथेच उभे राहून विचारत राहिले, “कडू? कडू हाय का? चांगुणे, कडू हाय का ती?” समोर तीस पावलांवर बहीण दिसत असताना ते का विचारत होते? घाबरले असावेत.

तिला काहीही लागलेले नाही. घोंगडीच्या कडेला, खांद्याजवळ, एक भोक आहे.

बुधवार, ९ फेब्रुवारी

सकाळी ओढ्यावर जाऊन पाहिले. दोन छर्रे बाभळीच्या खोडात छातीइतक्या उंचीवर, करंगळीचे पेर जाईल इतके खोल. एक बांधात. एक घोंगडीतून गेलेला. उरलेले पाच सापडले नाहीत.

मी आकृती काढली, खोड, बांध, आत्या, अंतरे. दिवसभर तीच काढते आहे. चार नंबरची असती तर पावणेदोनशे छर्ऱ्यांच्या जाळीतून ती सुटली नसती. तोंडावर, डोळ्यांत, हातांत बाजरी पेरावी तसे पेरले गेले असते. पण कदाचित जगली असती. एस.जी.चा एकही लागता तर ती जगली नसती. नऊ दाण्यांमध्ये जी मोकळी जागा राहते, तेवढ्या जागेत आत्या वाकलेली होती. म्हणजे मी काडतुसे बदलली म्हणून ती वाचली, की मी बदलली म्हणून मरता मरता राहिली? हे उदाहरण कोणत्याही रीतीने सोडवले तरी शेवटी उत्तरात आत्याच येते. फाडून टाकले.

गावात आत्याने सांगितले, “लांडगा आला हुता, दादानं बार टाकला, पळाला.” तिने खोटे का सांगावे? अण्णांची लाज राखायला, एवढे समजते. पण अंधुक उजेडात कोणाचीही चूक होऊ शकते. त्यात इतके लपवण्यासारखे काय?

अण्णांनी बंदूक तुळईला टांगली आहे. काडतुसांबद्दल मी अजून सांगितलेले नाही.

रविवार, १३ फेब्रुवारी

आत्याचे केस विंचरताना मी तिला सगळे सांगून टाकले, पिशवीचा उजवा कप्पा, छापील अक्षरे. शेवटी म्हणाले, “अण्णांनी पाहिले तरी काढली नाहीत, म्हणून मला वाटले...”

आत्याने माझ्या हातातून फणी काढून घेतली आणि माझ्याकडे वळली.

“त्यानं बघितलं? कशानं बघितलं गं?”

मला कळेना.

“दोन पावसाळं झालं. उजव्या डोळ्यात दुधावाणी पडलंय, डाव्यात निम्मं. जनावरं घुंगरावर मोजतोय, मला हाकंवर वळाकतोय. ताटात भाकर कुठं हाय ती मी वाजवून ठिवती. तुला पुस्तकातलं मुंगीएवढं अक्षर दिसतं, आन् घरातला माणूस दिसत न्हाई व्हय?”

एस.टी.ची पाटी, परात, कबूतर, गोणपाट. “तिथनंच हाक मार.” बंदूक डावीकडे ओढत नव्हती. अण्णा माझ्या आवाजावर नेम धरत होते.

“मग तू का नाही सांगितलेस?”

“शपथ घातलीया त्यानं. चांगुणेला जूनपातूर कळू द्यायचं न्हाई म्हून.”

जूनपर्यंतच का, ते आत्याने सांगितले नाही; पाणी आणायला उठून गेली. परवाना रद्द होईल ही भीती असावी. जूनमध्ये त्याची काही तपासणी असते का, हे परवान्यावर पुन्हा वाचून पाहिले. तसे काही लिहिलेले नाही.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

कोतवाल सांगून गेला: मार्चमधल्या निवडणुकांसाठी सगळ्या परवान्याच्या बंदुका सोमवारपर्यंत कर्जतच्या ठाण्यात जमा करायच्या. अण्णा म्हणाले, “बरं झालं.” कोतवाल गेल्यावर पुन्हा म्हणाले, “लई बरं झालं.”

मी रोज ठरवते, आज बोलायचे. रोज त्यांच्यासमोर ताट ठेवते, भाकरीजवळ वाटी वाजवते आणि परत येते. तेही कळल्यासारखे करत नाहीत. एका घरात आम्ही तिघे एकच गोष्ट तीन ठिकाणी लपवून बसलो आहोत.

सोमवार, २१ फेब्रुवारी

बंदूक जमा करून आलो. पावतीवर सही करताना मी कागदावरच्या जागेवर बोट ठेवले आणि अण्णांनी माझ्या बोटाला लागून नाव काढले.

फाट्यावर एस.टी.तून उतरलो तेव्हा उन्हे कलली होती. पुढे दोन कोस चालायचे. ते माझ्या चपलांच्या आवाजामागून येत होते. आता मला ते कळत होते, म्हणून मी मुद्दाम पाय घासत चालले.

“अण्णा, त्या दिवशीची काडतुसे मी बदलली होती.”

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“बार झाला तवाच. आवाज येगळा आला. खांद्याला लई लागलं.” ते काही पावले चालले. “म्हंजी दोगांनी मिळून मारली असती कडूला. मी न बघता, आन् तू बघून.”

मला रडू आले, रस्त्यातच. त्यांनी रडू दिले. मग म्हणाले, “कडूनं सांगितलं ना तुला? तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई.”

“तुम्ही का नाही सांगितलेत?”

ते उत्तर देणार तेवढ्यात मी थांबले. डाव्या हाताला, पडीक रानाच्या बांधावर लांडगा उभा होता. खरा. चाळीस पावलेही नसतील. आमच्याकडेच पाहत होता.

“काय झालं गं? का थांबलीस?”

या खेपेला मी घाई केली नाही. नीट पाहिले. डोके, कान, पाय, शेपूट. माणूस नाही, घोंगडी नाही. मग सांगितले, “लांडगा आहे.”

अण्णांचा हात खांद्याकडे गेला, जिथे बंदूक नव्हती. मग खाली आला.

“कसा हाय?”

मला भारदस्त शब्द सुचले होते, ते मी बाजूला ठेवले. “लहान आहे, अण्णा. आपल्या कुत्र्याहून थोडाच मोठा. बरगड्या दिसतात. पाय बारीक आणि लांब. रंग वाळल्या गवताचा, पाठीवर काळसर. एक कान फाटलेला आहे.”

“आन् काय करतोय?”

“उभा आहे. आपल्याला बघतो आहे. आता वळला. पळत नाही, चालतो आहे. बांध उतरला. गेला.”

“भुकेला हाय म्हंजी,” अण्णा म्हणाले. बराच वेळ ते त्या दिशेला तोंड करून उभे होते. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजवर त्यांनी तो कधी ठेवला नव्हता.

गाव जवळ आल्यावर मला वाटले, ते हात काढतील. पारावर माणसे बसलेली होती. मी पावले मंदावली, त्यांना काढायला वेळ मिळावा म्हणून. त्यांनी काढला नाही.

शेजारचा सहादेव सगळ्यांत आधी बोलला. “काय भिमाजी, बंदूक ठाण्यात आन् तुमाला पोरीनं धरून आणलं व्हय? लांडग्यानं दम भरला का काय?”

दोघे-तिघे हसले. मी मान खाली घातली. अण्णा थांबले आणि आवाजाच्या दिशेने तोंड केले, थोडे चुकीच्या दिशेने.

“डोळं गेल्यात माजं, सहादू. दोन वरसं झाली. माज्याच बहिनीवर बार टाकला मी, लांडगा समजून.”

पारावर कोणी हलले नाही.

“फुडल्या महिन्यात मोतीबिंदू काडायचं शिबीर हाय मिरजगावला. सुरीचं भ्या वाटतंय, पर जातो. जूनच्या आत मला मेंढरं दिसाया पायजेत. न्हाईतर ही हितंच अडकंल माज्यापायी, नगरला जायाची न्हाई. म्हून लपिवलं हुतं.”

एवढे बोलून त्यांनी माझा खांदा जरा दाबला, चल म्हणून.

सहादेव पारावरून उतरून खाली आला. त्याचा आवाज बदललेला होता. “सांभाळून भिमाजी, म्होरं गटार उघडं हाय.”

“ठावं हाय,” अण्णा म्हणाले. “ती सांगतीया की.”

मी अजून काहीच सांगितले नव्हते. पारावरची सगळी माणसे माझ्याकडे पाहत होती. मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “डावा पाय लांब टाका, अण्णा.”